दीड कोटी सारख्या गाड्या आणि त्यांचा साज



मागच्या दोन व्याख्यानांत आपण 'वस्तू' या शब्दाभोवती बऱ्याच प्रदक्षिणा घातल्या. शेवटी एका तरुण श्रोत्यानं आम्हाला गाठून विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण एखादी खरीखुरी वस्तू घेऊन बोला ना." बरोबर आहे त्यांचं. तत्त्वज्ञानाच्या माणसाला घट आणि पट यांच्या पलीकडची वस्तू सहसा सुचत नाही. म्हणून आज एक मोटार घेऊ. फोर्ड कंपनीची मॉडेल टी. खरं तर मोटारसुद्धा नाही, त्या मोटारीला लोकांनी बाहेरून विकत आणून जे जे लावलं, त्याबद्दल बोलू. निकेलची झाकणं, चाकांवरच्या तबकड्या, रेडिएटरच्या टोपणावरचे पंख, शर्यतीच्या गाडीसारखी दिसणारी पत्र्याची बॉडी, काचेच्या फुलदाण्या. बाजारात याला अ‍ॅक्सेसरीज म्हणतात. आपल्याकडे बैलाच्या बाबतीत एक फार चांगला शब्द आहे, साज. आम्ही तोच वापरू.

या विषयाकडे आम्ही का वळलो ते आधी सांगतो, कारण त्यात आमची एक जुनी चूक आहे.

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, साताऱ्याला हायस्कूलमध्ये शिक्षक होते. सत्तरच्या दशकात स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, हे इथल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. अण्णांचा नंबर लागला तेव्हा आम्ही पुण्यात एम. ए. करत होतो आणि डोक्यात मार्क्यूज आणि अडोर्नो नुकतेच शिरले होते. सुट्टीत घरी गेलो तर स्कूटरला चकचकीत गार्ड, रबरी मॅट, सीटला कव्हर, आणि पुढे एक छोटी पितळी पाटी. भांड्यांवर नावं घालणारे असतात ना, त्यांच्याकडून अण्णांनी त्या पाटीवर आमच्या आजीचं नाव घालून आणलेलं. आम्ही त्यांना तिथल्या तिथे एक व्याख्यान दिलं. खोट्या गरजा, बाजारानं निर्माण केलेल्या इच्छा, वगैरे. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, शाळेच्या पडवीत अशा सहा उभ्या असतात. माझी कुठली ते कळायला नको?" आम्ही म्हणालो, "नंबर आहे की अण्णा तिच्यावर." ते म्हणाले, "नंबर आरटीओला पुरतो. मला नाही पुरत."

हे वाक्य समजायला आम्हाला जवळजवळ चाळीस वर्षं लागली, आणि ते समजलं ते मॉडेल टीमुळे.

आता गाडीकडे येऊ. मॉडेल टी बाजारात आली ऑक्टोबर १९०८ मध्ये. शेवटची तयार झाली २६ मे १९२७ रोजी. एवढ्या काळात दीड कोटींहून जास्त गाड्या बनल्या. चार सिलिंडरचं वीस अश्वशक्तीचं इंजिन, ताशी चाळीस-पंचेचाळीस मैलांचा वेग, आणि खडबडीत रस्त्यांतून जाईल अशी उंच, हलकी, चिवट बांधणी. १९१३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाली. सांगाडा जोडायला आधी सुमारे साडेबारा तास लागायचे, ते काम दीड तासावर आलं. किंमत सुरुवातीला साडेआठशे डॉलर होती. १९२५ च्या सुमारास दोन माणसांची साधी गाडी २६० डॉलरला मिळू लागली. शेतकऱ्याला, कारकुनाला, गावच्या शिक्षकाला मोटार घेता आली ती या गाडीमुळे. हेन्री फोर्डबद्दल आमचं मत फारसं अनुकूल नाही, आणि त्याला इतरही कारणं आहेत. पण हे त्याचं देणं नाकारता येत नाही.

ही किंमत कशी खाली आली? सारखेपणामुळे. एक सांगाडा, एक इंजिन, आणि जे जे बदलत राहिलं असतं ते सगळं कमी केलेलं. रंगाचंच बघा. पहिल्या वर्षांत गाडी लाल, हिरवी, करडी अशी मिळत असे. १९१४ पासून बारा-एक वर्षं फक्त काळी. त्या काळ्या रंगाबद्दल फोर्डच्या नावावरचं प्रसिद्ध वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं असेल, ते आम्ही पुन्हा सांगत नाही. पण काळाच का, याचं कारण फार कविमनाचं नाही. तो रंग स्वस्त होता, भट्टीत भाजला की टिकायचा, आणि एकच रंग असला की चुकीचा मडगार्ड चुकीच्या गाडीवर जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

आणि गाडी येताना कशी यायची? जवळजवळ उघडी. सुरुवातीच्या काळात पुढची काच, कापडी टप आणि गॅसचे दिवे यांचेही वेगळे पैसे पडत. टाकीत पेट्रोल किती आहे हे दाखवणारा काटा नव्हता. पुढची सीट उचलायची, टाकीचं झाकण काढायचं आणि आत काठी बुडवून बघायचं, विहिरीचं पाणी बघतात तसं. नंतरच्या वर्षांत वेग दाखवणारं यंत्रही कंपनीनं देणं बंद केलं. विजेचे दिवे आले तेव्हा ते इंजिनाच्या मॅग्नेटोवर चालत, त्यामुळे इंजिन मंद झालं की उजेडही मंद. म्हणजे ज्या क्षणी अंधारात जपून, हळू जायचं, नेमका त्याच क्षणी दिवा मिणमिणणार. अमेरिकेत बनणाऱ्या टूरिंग गाडीला ड्रायव्हरच्या बाजूला पुढे दारच नव्हतं. पत्र्यावर दाराची आकृती उठवलेली असे, एवढंच. दार नाही, दाराचं चित्र! काटकसरीचं व्रत घेतलेल्या कारखान्यालाही दिसण्याची थोडी लाज होती, हे आम्हाला यात फार गमतीचं वाटतं. कॅनडात बनलेल्या गाडीला तिथे खरं दार असे. भारतात आणि साम्राज्यातल्या इतर देशांत उजव्या बाजूला चक्र असलेली फोर्ड यायची ती कॅनडातून, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला दार आलं म्हणायचं.

या उघड्या गाडीभोवती एक प्रचंड धंदा उभा राहिला. हजारो प्रकारच्या वस्तू. सिअर्स रोबक ही टपालानं माल विकणारी कंपनी. १९०८ ते १९१२ या काळात तिनं स्वतःची मोटारही विकून पाहिली आणि ते बंद केलं. पण फोर्डसाठी लागणाऱ्या सामानानं मात्र तिच्या कॅटलॉगची पानंच्या पानं भरू लागली. १९०९ मध्ये कॅन्सस सिटीत जॉर्ज पेपरडाइन नावाच्या तरुणानं अगदी किरकोळ भांडवलावर मोटारीचं सामान टपालानं विकायला सुरुवात केली. त्याची वेस्टर्न ऑटो ही कंपनी पुढे इतकी वाढली की त्या पैशातून त्यानं १९३७ मध्ये लॉस एंजेलिसला एक कॉलेज काढलं. आज त्याचं विद्यापीठ झालेलं आहे. फोर्डच्या गाडीत जे नव्हतं, त्यावर एक विद्यापीठ उभं राहिलं. नैयायिकांना अभाव हा स्वतंत्र पदार्थ वाटतो तो उगाच नाही.

यातली एक वस्तू आम्ही जरा सावकाश बघणार आहोत, कारण गरज आणि शोभा यांच्यातली सीमा तिच्यावर स्पष्ट दिसते. तिचं नाव बॉइस मोटो-मीटर.

मॉडेल टीत पाणी फिरवायला पंप नव्हता. इंजिनाभोवतीचं गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली येतं, या निसर्गनियमावर काम चालायचं. घाट चढताना पाणी उकळायचं, आणि उकळलं हे कळायचं ते वाफ तोंडावर आल्यावर. तेव्हा कुणीतरी डोकं लढवलं की रेडिएटरच्या टोपणावरच थर्मामीटर बसवावा. गोल काचेची तबकडी, मागून ड्रायव्हरला दिसेल अशी, आणि आत वर चढणारी लाल रेघ. त्याचं टोक पाण्यात नसतं, पाण्यावरच्या वाफेत असतं, त्यामुळे पाणी कमी झालं तरी सूचना मिळते. अत्यंत उपयोगी वस्तू. अण्णांनीसुद्धा घेतली असती आणि आम्ही काही बोललो नसतो.

पण हे यंत्र बसतं कुठे? गाडीच्या नाकावर. सगळ्यांत पुढे, सगळ्यांत उंच, येणाऱ्याच्या नजरेसमोर. मग त्याच्या कडेला निकेलचा मुलामा आला. मग टोपण नुसतं गोल कशाला, म्हणून दोन बाजूंना पंख आले. पंखांचं समर्थनही होतं बरं का, गरम टोपण फिरवायला पकड मिळते! मोठ्या गाडीला मोठं मीटर, लहानाला लहान, आणि लहान गाडीवाला मोठं घेऊ पाहणार, हे ओघानं आलंच. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस तापमानाचा काटा गाडीच्या आत, ड्रायव्हरच्या समोर आला. नाकावरच्या थर्मामीटरचं काम संपलं. काम संपलं, पण जागा रिकामी झाली नाही. पंख, पक्षी, धावती कुत्री, उडत्या स्त्रिया अशा मूर्ती नाकावर राहिल्याच.

आता सांगा, या वस्तूत गरज कुठे संपली आणि शोभा कुठे सुरू झाली? निकेलच्या थरात? पंखांत? आम्ही वर्गात ही रेषा खडूनं काढून दाखवायचो. या मीटरवर ती काढता येत नाही.

बाकीच्या साजाकडे भराभर बघू. फोर्डच्या लाकडी आऱ्यांच्या चाकांवर पत्र्याच्या गोल तबकड्या बसवत, म्हणजे चाक आधुनिक, भरीव दिसे. १९१७ च्या मॉडेलपासून फोर्डनं पितळी रेडिएटर काढून काळा पत्रा आणला. तर त्या काळ्यावर चढवायला निकेलचं कवच बाजारात आलं. ज्यांच्याकडे जुनी पितळी गाडी होती, त्यांना ती नव्या वळणाची दिसावी म्हणून वेगळं बॉनेट आणि कवच. काही कवचं तर मुद्दाम महागड्या गाडीची आठवण यावी अशा घाटाची. लांबून बघणाऱ्याला फोर्ड आहे हे कळू नये, एवढाच त्यांचा हेतू. ही शोभा नाही, हा वेषांतराचा प्रकार आहे, आणि त्याबद्दल आमचं मत आजही चांगलं नाही.

दुसऱ्या टोकाला होती स्पीडस्टर मंडळी. जुनी, दोन-चार हातांतून गेलेली टी स्वस्तात घ्यायची, तिची उंच खोक्यासारखी बॉडी उतरवून टाकायची आणि सांगाड्यावर शर्यतीच्या गाडीसारखी बसकी, निमुळती बॉडी चढवायची. केंटकी राज्यात लुइव्हिलची मर्क्युरी आणि ओवेन्सबरोची एम्स या कंपन्या अशा तयार बॉड्या बनवून पाठवत. दोन खोलगट सीटा, मागे गोल टाकी, ड्रायव्हरपुरती एक छोटी गोल काच, बॉनेटवर कातडी पट्टा. मग नुसतं दिसण्यावर भागेना. विस्कॉन्सिनमधल्या रेसिन गावचा जो येगर्सबर्गर इंजिनाला सुधारित सिलिंडर-हेड बनवू लागला. गावाचं रे आणि स्वतःचं जो मिळून त्याचं नाव रेजो. ज्या शेव्हरले भावांच्या नावानं पुढे फोर्डला हरवणारी गाडी विकली गेली, तेच भाऊ इंडियानापोलिसला बसून फोर्डसाठी 'फ्रॉन्टेनॅक' हेड बनवत होते. मागच्या आसाला रुकस्टेल नावाचा जास्तीचा गिअर. हा तर फोर्डच्या विक्रेत्यांकडेच मान्यतेनं मिळे. खडखडाट कमी करायला हॅस्लरचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. न्यू हॅम्पशायरच्या एका विक्रेत्यानं तर पुढे पट्ट्या आणि मागे साखळ्या लावून टी बर्फावर चालवली आणि तिला स्नोमोबिल हे नाव दिलं.

एवढं सगळं बदलल्यावर ती गाडी कोणती? इथे आम्हाला आमच्या विषयाकडे वळायला परवानगी द्या. मिलिंदपञ्हात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, महाराज, आपण रथातून आलात ना, मग रथ म्हणजे काय? दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग यांच्याखेरीज वेगळा रथ आहे का? तेही नाही. नागसेनाचा निष्कर्ष असा की 'रथ' हे या भागांच्या आधारानं चालणारं नाव आहे, व्यवहारापुरतं. मॉडेल टीचा मालक नागसेनाचं हे प्रात्यक्षिक दर रविवारी अंगणात करत होता. बॉडी केंटकीची, हेड विस्कॉन्सिनचं, मीटर न्यूयॉर्कचं. आणि तरी तो तिला फोर्डच म्हणायचा. सरकारही म्हणायचं, कारण सरकारच्या दृष्टीनं गाडीची ओळख इंजिनाच्या ठोकळ्यावर ठोकलेला क्रमांक, एवढीच होती.

हा क्रमांक महत्त्वाचा आहे. वैशेषिकांनी प्रश्न विचारला होता: सगळ्या गुणांत सारखे असलेले दोन परमाणू वेगळे कशानं? त्यांचं उत्तर, प्रत्येकात एक 'विशेष' असतो, ज्याचं काम फक्त वेगळं करणं. त्याला दुसरा कुठला गुण नाही. घड्यासारख्या सावयव वस्तूला तो लागत नाही, तिचे अवयवच वेगळे असतात. फोर्डच्या कारखान्यानं काय केलं, तर अवयवसुद्धा इतके सारखे केले की वेगळेपण सांगायला क्रमांकाशिवाय काही उरलं नाही. तो क्रमांक म्हणजे शुद्ध 'विशेष': वेगळं करतो, पण काहीच सांगत नाही. पंधरा दशलक्षातली ही एक, एवढंच. नंबर आरटीओला पुरतो, मला नाही पुरत, याचा अर्थ हाच होता. अण्णांना गणिती वेगळेपण नको होतं. आजीच्या नावाचं वेगळेपण हवं होतं.

आता यावर कुणी म्हणेल, आणि आम्हीच ते वर्षानुवर्षं म्हणत होतो, की हे पंख आणि तबकड्याही कारखान्यातूनच आल्या ना? कॅटलॉगचं तेच पान बघून लाखभर माणसांनी तेच मीटर मागवलं. मग वेगळेपण कुठलं? एकाच साच्यातली गाडी आणि एकाच साच्यातला साज. अडोर्नो आणि होर्कहायमर यांनी अमेरिकेत बसून हेच लिहिलं होतं, की मोटारींच्या वेगवेगळ्या मॉडेलांमधला फरक हा आभास आहे. युक्तिवाद वजनदार आहे. पण आम्ही वापरत आलो त्या रूपात तो अर्धाच खरा आहे, असं आम्हाला आता वाटतं. का, ते सांगतो.

एक तर, सगळाच साज विकतचा नव्हता. विसाच्या दशकात कॉलेजची पोरं दहाव्या हातची टी घ्यायची आणि तिच्यावर रंगानं वाट्टेल ते लिहायची. स्वतःची टिंगल, गाडीची टिंगल, पोलिसांना टोमणे, मुलींना इशारे. या लिखाणाला 'लिझी लेबल' म्हणत, कारण टीचं लाडकं नाव टिन लिझी. बॉटकिन नावाच्या लोकसाहित्याच्या अभ्यासकानं १९३० मध्ये त्यावर भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात लेख लिहिला. आपल्या ट्रकच्या आणि रिक्षाच्या पाठीमागचं वाङ्मय ज्यांनी हायवेवर वाचलं आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

दुसरं, विकतची वस्तूसुद्धा लावावी लागायची. टपालानं खोकं यायचं, त्यात खिळे, बोल्ट आणि एक छापील कागद. भोक पाडा, पट्टी वाकवा, घासा, बसवा. नाही बसलं तर पुन्हा. मॉडेल टीची रचना इतकी साधी होती की हे जमायचं. शेतकऱ्याला, त्याच्या मुलाला, कधी बायकोला. लाखभर माणसांकडे तेच मीटर असेल, पण प्रत्येकानं ते आपापल्या हातानं आपापल्या गाडीवर बसवलेलं. पोळ्याच्या दिवशी गावातल्या सगळ्या बैलांची शिंगं त्याच दुकानातल्या रंगानं रंगतात. म्हणून काय ते बैल एकसारखे झाले? ज्यानं रंगवलं त्याला विचारा. 'माझं' हे वस्तूच्या गुणात शोधायचं नसतं. वस्तूवर खर्ची घातलेल्या तासांत ते असतं. अडोर्नोनं कॅटलॉगचं पान पाहिलं. अंगणातला पाना त्याच्या चौकटीत आला नाही.

फोर्डला हे दिसत होतं का? रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या त्याच्याच, त्याला दिसत नसेल कसं? पण त्यानं ते ग्राहकांची चंचलता म्हणून वाचलं असावं. १९१२ ची एक आठवण त्याच्या जुन्या कर्मचाऱ्यांनी सांगितलेली आहे. फोर्ड युरोपच्या दौऱ्यावर असताना सहकाऱ्यांनी टीची एक सुधारित, अधिक बसकी, लाल रंगाची गाडी बनवून ठेवली, मालक खूश होतील म्हणून. फोर्ड परतला, गाडीभोवती तीन-चार फेऱ्या मारल्या, आणि मग हातानं दारं उपटायला लागला. बोलला काहीच नाही. त्यानंतर बरीच वर्षं टीच्या रूपाबद्दल कुणी फार बोललं नाही. मुलगा एडसेल याला रूपाची उत्तम जाण होती, पण ती १९२२ मध्ये विकत घेतलेल्या लिंकन या महागड्या गाडीवर खर्च झाली.

ऐकलं ते दुसऱ्यांनी. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोननं प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक हेतूला वेगळी गाडी हे धोरण ठरवलं. ड्यूपाँ कंपनीचा ड्यूको नावाचा नवा रंग तासाभरात वाळणारा होता. जुन्या पद्धतीत रंगीत गाडीचं काम आठवडे चाले. १९२४ च्या ओकलंड गाड्या निळ्या रंगात आल्या आणि काळा हाच स्वस्त रंग ही गोष्ट संपली. १९२७ मध्ये स्लोननं हार्ली अर्ल याला आणून जनरल मोटर्समध्ये 'आर्ट अँड कलर' असा स्वतंत्र विभागच काढला. हा अर्ल कोण? लॉस एंजेलिसच्या एका बग्गीवाल्याचा मुलगा. बापाच्या कारखान्यात हॉलिवूडच्या नटांना मनासारख्या बॉड्या बांधून देणारा. म्हणजे साज चढवणारा माणूस अंगणातून उठून कारखान्याच्या आत जाऊन बसला. पुढे दरवर्षी नवं रूप, नवा रंग, नवा पंख कारखान्यातूनच येऊ लागला. अडोर्नोची टीका लागू पडते ती इथून पुढे, आणि पूर्ण लागू पडते.

फोर्डनं १९२६ च्या मॉडेलमध्ये रंग परत आणले, गाडी जरा बसकी केली, निकेलचा मुलामाही दिला. बाजार पंधरा वर्षं ज्या वस्तू त्याच्या गाडीवर चढवत होता, त्यातल्याच या. उशीर झाला होता. मे १९२७ मध्ये टी बंद झाली आणि नवी मॉडेल ए डिसेंबरमध्ये आली. मधले महिने कारखाने थंड पडले आणि डेट्रॉइटमध्ये हजारो कामगार बिनपगारी घरी बसले. रूपाचा प्रश्न हा श्रीमंतांच्या चोचल्यांचा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या हिवाळ्यात त्या कामगारांना विचारायला हवं होतं. याच सुमारास फोर्डनं, कॅनडाच्या शाखेमार्फत, १९२६ मध्ये भारतात कंपनी काढली. १९२८ मध्ये जनरल मोटर्स शिवडीला आली. म्हणजे आपल्याकडे हे दोन विचार जवळजवळ बरोबरच उतरले.

वेळ होत आली, शेवटची एक गोष्ट. आज या गाड्या जपणारे संग्राहक जगभर आहेत, त्यांची प्रदर्शनं आणि परीक्षणं होतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या संस्थेचा नियम असा की गाडी विक्रेत्यानं ग्राहकाच्या हाती दिली असती त्या अवस्थेत असावी. कंपनीच्या छापील यादीत असलेली जोड चालते. म्हणजे ओहायोच्या कुणा शेतकऱ्यानं स्वतः पत्रा कापून बसवलेली फुलदाणी, समजा, असेल, तर तिचे गुण कमी होणार. म्हणून जीर्णोद्धार करताना आधी ती काढतात, भोक बुजवतात, वर काळा रंग देतात. गाडी 'मूळची' होते. दीड कोटींसारखी.

अण्णांची स्कूटर १९९१ साली विकली. घेणारा गृहस्थ म्हणाला, पाटी राहू दे, छान दिसते. अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर मागवला आणि आमच्या हातात दिला. एक स्क्रू गंजला होता, तो निघेना. रॉकेल घालून अर्धा तास थांबलो.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कुणाचा तरी हात वर आहे, माइक तिकडे द्या.